भुरीच्या पायातला दोर

“बांधा ना मागचे पाय. गरीब हाय भुरी, काही करत नाही.”

हे मीच म्हटलं. डॉक्टरीणबाईनं दोर आवळला, म्हैस उसळली, गळ्यातलं दावं तुटलं आणि ती मागं सरली — माझ्या जावेला गोठ्याच्या भिंतीशी दाबत. गुडघा मोडल्याचा आवाज मी ऐकला. बरं वाटलं.

ही गोष्ट माझ्या तोंडून कधी बाहेर पडली नाही. नवरा गेला, त्यालाही सांगितली नाही. तुम्हाला का सांगते? कोण जाणे.

भुरीला मी वाढवलं. तिगावजवळच्या आमच्या घरी ती लहान वगार होती, तेव्हा तिची मान सुजली. सासऱ्यानं मागचे पाय बांधून तिला तापल्या विळ्याचा डाग दिला. आमच्याकडे तेच औषध. जखम भरली — पण मागच्या पायांना दोर लागला की ती वेडी व्हायची. मी धार काढताना कधी दोर लावला नाही. कपाळावर हात ठेवायचा, हळू बोलायचं, की उभी राहायची. चौथी शिकलेल्या बाईला दुसरं काय कळणार? एवढं मात्र कळत होतं.

जाऊ सौसरला राहायची, दिराची नोकरी तिकडे. तिच्या नातवाच्या बारशाला मी पाळण्याजवळ गेले, तर चारचौघींत म्हणाली, “मोठ्या बाई, दुरूनच पाहा. वांझोटीचा हात नको माह्या नातवाले.” बाया हसल्या. मीही हसले — काय करणार?

पुढं दीर-जाऊ गावात राहायला आले. वाटणीत गाभण भुरी त्यांच्याकडे गेली. आटलेली होती, म्हणून धारेला कोणी बसलंच नव्हतं; दोराचं त्यांना ठाऊक नव्हतं.

आणि विताना ती अडली. पांढुर्ण्याहून डॉक्टरीण आली, पोरगीच. पोटावरून हात फिरवला आणि आधी विचारलं, “स्वभाव कसा आहे हिचा? कशाला बिचकते? ते कळलं तर निम्मं काम होते.”

जाऊ माझ्याकडे वळली. घाबरली होती. “मोठ्या बाई, तुमालेच माहीत. सांगा ना.”

मला भुरी दिसली नाही — तो पाळणा दिसला. आणि जाऊ म्हशीच्या मागं उभी आहे, हेही दिसलं. मग मी ते बोलले.

भुरी धडपडून पडली. जावेला बाहेर काढलं, दोर कापला. तेव्हा कुठं मी आत गेले, तिच्या कपाळावर हात ठेवला. ती उठली, उभी राहिली — गप. डॉक्टरणीनं दोर न लावताच हात घालून आडवं रेडकू वळवलं, ओढून काढलं. मेलेलं.

“मघाशी पोटात हलत होतं,” ती म्हणाली. मग माझ्या हाताकडे पाहिलं. “अशी उभी राहते, तर दोर कशाला बांधायला लावला, मावशी?”

मी खाली बसले, रेडकाचं तोंड हातानं पुसलं.

भुरी रेडकाला चाटत राहिली. मग माझा हात चाटला. त्याला रेडकाचा वास होता, म्हणून.

जावेच्या गुडघ्याचं मला आजही काही वाटत नाही. ती लंगडत समोरून गेली की मी बघते, नजर काढत नाही. पण रेडकानं माझं काय केलं होतं? भुरीनं?

भुरी वाचली. जाऊ वाचली. मी आहेच.