खिडकीकडची जागा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्यालाही नाही. मी ज्या शाळेत शिकवते तिथं मुलींना पाळीबद्दल मोकळेपणानं सांगणाऱ्या बाई म्हणून माझी ओळख आहे. "बाईंना कशाचाच संकोच नाही," असं कुणी म्हटलं की मी विषय बदलते. का बदलते, ते आज सांगून बघते. सरळ सांगता येईल की नाही, माहीत नाही.

मी नववीत होते. आम्ही सेनगावला राहत होतो. हिंगोली जिल्हा अजून व्हायचा होता. बाबा कचेरीत कारकून. आम्ही बौद्ध, आणि वर्गात ते सगळ्यांना ठाऊक होतं. तोंडावर कुणी काही बोलायचं नाही. फक्त मी डबा उघडला की दोन-तीन मुली जराशा सरकून बसायच्या. इतक्या जराशा, की तक्रार तरी कशाची करणार? म्हणून आई माझा गणवेश रोज कडक इस्त्री करायची. "कुणाला बोट ठेवायला जागा देऊ नको," म्हणायची. मी दिली नव्हती. पहिला नंबर, कापलेली नखं, पांढऱ्याशुभ्र रिबिनी. तू कोण, असं कुणी विचारलं असतं, तर मी हेच सांगितलं असतं – जिच्यात खोट काढता येत नाही, ती.

माझ्या बाकावर रखमा बसायची. तिचे आबा मेंढरं राखायचे. गावाबाहेरच्या वस्तीवरून ती चालत यायची, दप्तराला लोकरीचा वास घेऊन. थोरल्या बहिणीचा विटलेला स्कर्ट घालायची. मूळचा गडद निळा, धुऊन धुऊन आभाळासारखा झालेला. आणि अख्ख्या वर्गात ती एकटीच माझ्या डब्यात सरळ हात घालायची. "काय आणलंय गं सुजे?" एवढं विचारायची, आणि उत्तराच्या आधी घास तोंडात.

तिला खिडकीकडची जागा हवी असायची. ती माझी होती. मी कधी दिली नव्हती.

थंडीचे दिवस होते. मला पाळी सुरू होऊन चार-सहा महिने झाले असतील. अजून तिचा भरवसा नव्हता. त्या दिवशी दुसऱ्या तासाला कळलं, की आली. वेळेच्या बरीच आधी. जवळ कापड नाही, काही नाही. मधल्या सुट्टीत डोकं दुखतंय म्हणून मी वर्गातच थांबले. सगळे बाहेर गेल्यावर उठले – बाकावर डाग. ओला रुमाल घेऊन पुसला. तो गेला नाही, पसरला. माझा स्कर्ट नवा, गडद, त्यावर काही दिसत नव्हतं. तरी मी स्वेटर काढून कमरेला बांधलं. पण बाकाचं काय? पुढचा तास गणिताचा. सर रोज मलाच फळ्यावर बोलवायचे. मी उठले की बाक उघडा पडणार, मागच्या मुली बघणार. मग काय म्हणतील त्या? माझ्या एकटीबद्दलच म्हणतील का?

घंटा झाली.

इथं मी नेहमी थांबते. मनातल्या मनात सांगतानासुद्धा इथंच थांबते.

मी बाकाच्या कडेला सरकले. रखमा धापा टाकत आली, ओंजळीत बोरं. मी म्हणाले, "आज तू बस खिडकीकडं."

"खरंच?" म्हणाली. तिचा चेहरा असा फुलला – तिनं बसल्या बसल्या निम्मी बोरं माझ्या हातावर ओतली.

सर आले. गणित घातलं आणि पुस्तकातून मान वर न करता म्हणाले, "खिडकीकडची, ये फळ्यावर."

ते मलाच बोलवत होते. रखमा उठली. फळ्याकडं तोंड करून, वर्गाकडं पाठ करून उभी राहिली. आधी मागच्या बाकावरचा एक पोरगा खुसकन हसला. मग दुसरा. मग ते हसू वर्गभर पसरलं. तिला वाटलं, गणित चुकलं. तिनं हातानंच फळा पुसला आणि पुन्हा लिहायला लागली.

सरांनी शेजारच्या वर्गावरच्या बाईंना बोलावलं. बाई आल्या, तिच्या कानात काही बोलल्या, आणि माझ्याकडं वळून म्हणाल्या, "सुजाता, तुझं स्वेटर दे गं तिला, बांधायला."

स्वेटर सोडलं असतं तर? माझ्याही स्कर्टवर काही दिसेल, अशी भीती होती. मी म्हणाले, "मला थंडी वाजतीय, बाई."

कमरेला बांधलेल्या स्वेटरनं कुणाची थंडी जाते? बाई क्षणभर माझ्याकडं बघत राहिल्या. रखमानं दप्तर मागं धरलं आणि गेली. जाताना तिनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही, आता काय करू, असं विचारल्यासारखं. मी वही उघडली.

तिला पाळी आलीच नव्हती हो. ते रक्त माझं होतं.

पण घरी ते कुणाला कळणार? पोरगी शहाणी झाली, एवढंच कळलं, आणि तिची शाळा बंद झाली. बाजाराच्या दिवशी ती आईबरोबर सेनगावात आली आणि आमच्या घरी डोकावली. अंगावर नवी साडी. मला कोपऱ्यात ओढून म्हणाली, "सुजे, मला काईच दुखलं न्हाई गं. एकदाच आलं अन् गेलं. आई म्हणती, पहिल्यानं असंच ऱ्हातंय." मग आवाज बारीक झाला. "पावणे येऊन राहिलेत घरी. मला धाव्वी करायचीय. तुझ्या बाबाला सांग ना, आमच्या आबाला समजून सांगायला. ते शिकलेले हायेत, त्यांचं ऐकतील."

"सांगते," म्हणाले मी.

बाबा गेले असते. अशा कामाला ते सायकल काढून तेव्हाच निघायचे. पण बाबा गेले की बोलणं निघणार, त्या दिवसाचं निघणार, बाकाचं निघणार – मी सांगितलंच नाही. उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. वसमतकडं दिली. दहावीच्या वर्षी मी खिडकीकडंच बसले, आणि शाळेत पहिली आले.

नंतर मी डी.एड. केलं, नोकरी लागली. एकदा वसमतच्या स्टँडवर उभी असताना मागून हाक आली – "सुजे!" रखमा. बरोबर पाच-सहा वर्षांची मुलगी. रखमा वाळली होती, पण हसणं तेच. आम्ही बाकड्यावर बसलो. ती बोलत गेली, जशी लहानपणी बोलायची तशी.

लग्नानंतर दीड वर्ष तिला पाळी आली नाही. सासूला आधी वाटलं, दिवस गेले. मग वाटलं, पोरीत खोट आहे. लग्नाआधी शहाणी झालेली, मग आता काहून बंद? कुणीतरी करणी केली, म्हणाले. जडीबुटी पाजली, उपास करवले, एका बाबाकडं नेऊन धूर दिला. नवऱ्याला दुसरी करायचं ठरलं होतं.

"तेवढ्यात आली बघ एक दिवस," रखमा हसत म्हणाली. "अन् असं पोट दुखलं म्हणून सांगू! तवा मला कळलं, ही खरी. दवाखान्यातली बाई बी म्हणली, तुझी हीच पहिली." तिनं मुलीचे केस मागं सारले. "मग शाळेत ते काय झालतं गं? मला आजून समजलं न्हाई. तू तर बाजूलाच बसलीवतीस."

तिच्या विचारण्यात संशय नव्हता. मी नीट पाहिलं, शोधलं – नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. स्टँडवर ओळखीचं कुणी नव्हतं. मी नोकरीवाली, कमावती बाई. कुणाची भीती होती मला तेव्हा?

मी म्हणाले, "कुणास ठाऊक, रखमा. लहान होतो आपण."

"व्हय," ती म्हणाली, "तेबी खरंच हाय."

तिला ते पटलं. तिनं मुलीला माझ्या पाया पडायला लावलं. "ही तुझी मावशी," म्हणाली, "लई हुशार व्हती."

तिचं गाव मला माहीत आहे. वसमतहून जीप जाते. मी अजून गेलेले नाही.