डब्यावरचा लाल कपडा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्यांच्याबरोबर रोज चहा पितो त्या मित्रांनाही नाही. सांगणार तरी कसं? सगळे मला सज्जन समजतात — आणि तसं कुणी बोललं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. त्यांच्यावर नाही. स्वतःवरच.

लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत, एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये मी मशिनींची देखभाल बघतो. कापसातली सरकी काढायची, रुईच्या गाठी बांधायच्या, हे आमचं काम. तिथं रुईचा कचरा इतका उडतो की साधा कॉम्प्युटर एक सीझन टिकत नसे. त्याचा पंखाच तो कचरा आत ओढायचा आणि कॉम्प्युटर गुदमरून बंद पडायचा. मग मी शेठच्या मागं लागून खास कारखान्यांसाठी बनवलेला एक आणवला. जेवणाच्या डब्याएवढा. पंखा नाही, कुठं फट नाही, बाहेरून नुसत्या ॲल्युमिनियमच्या उभ्या पट्ट्या. गाठी दाबणाऱ्या प्रेसच्या पॅनेलमध्ये तो वीतभर जागेत बसला आणि एवढी मोठी प्रेस त्याच्या हुकमावर चालू लागली. आम्ही त्याला डबाच म्हणायचो. बसवायला आलेल्या इंजिनिअरनं एकच गोष्ट बजावली होती — या पट्ट्या उघड्या ठेवा, आतली गरमी तिथूनच बाहेर जाते. मला ते कळलं होतं. नीट ऐका — मला कळलं होतं.

दसऱ्याला आमच्याकडे मशिनींची पूजा असते. हळद-कुंकू, झेंडूचे हार, नारळ. त्या वर्षी मला काय अवदसा आठवली? बाकी मशिनींना नुसते हार, आणि माझ्या डब्याला लाल कपडा. दुहेरी घडी घालून, नाड्यानं करकचून बांधलेला. का? तर शेठनं चारचौघांत विचारावं, हे काय नवीन, आणि मी मिरवावं. नाव देवाचं, मिरवणूक माझी!

दुसऱ्या दिवशी कापसाच्या गाड्या आल्या, प्रेस सुरू झाली. कपडा तसाच. प्रेसवर दोन ऑपरेटर होते, सलीम आणि विठ्ठल. सलीम माझ्याहून लहान, मला भाऊ म्हणायचा. त्याच्या लग्नात मी पोट फुटेस्तोवर जेवलो होतो. दुपारी तो माझ्याकडे आला.

"भाऊ, तो कपडा काढू काय? डब्बा लय तापून राह्यला."

आणि मी काय म्हणालो?

"पूजेचा हाये तो. तू हात नको लावू."

'तू'वर जोर देऊन. तो जोर त्याला बरोबर कळला. तो परत गेला, आणि त्यानं हात लावला नाही.

थोड्याच वेळात डबा बंद पडला. आतलं काहीतरी जळालं होतं. गाठ अर्धवट दाबलेली, प्रेस ठप्प, बाहेर गाड्यांची रांग. विठ्ठल प्रेसच्या पलीकडं अडकलेल्या गाठीशी झटत होता, सलीम गाडीवाल्यांना थोपवायला गेटवर धावला. मी पॅनेलकडे धावलो. कपडा सोडला, खिशात कोंबला. पट्ट्यांना बोट लागलं तर चटका बसला. शेठ आला तोवर डबा उघडाबोडका होता.

"कोनं काय केलं रे?"

मी केलं होतं. पण तोंडातून निघालं, "सलीम ओल्या फडक्यानं पुसत होता. मी पाह्यलं."

इथं आलो की स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते. विठ्ठलचं नाव का नाही घेतलं? तोही तिथंच होता की! पण विठ्ठलचं घेतलं असतं तर शेठ म्हणाला असता, बोलाव त्याला, विचारू. सलीमचं घेतलं की कुणी विचारणार नाही, हे मला ठाऊक होतं. माझी जीभ घसरली नव्हती. तिनं नीट बघून माणूस निवडला होता.

आणि तसंच झालं. मागून कुणीतरी बोललंच, "पूजेच्या वस्तूले यानं हात लावलाच काहून?" मग ओलं फडकं राहिलं बाजूला. ज्यांनी दर ईदला त्याच्या घरचा शीरखुर्मा वाट्या चाटून खाल्ला, ते माना हलवत उभे. त्यांचाही मला संताप येतो — पण त्यांच्या हातात काडी कुणी दिली? इंजिनिअरनं फोनवर विचारलं, डबा कशानं झाकला होता का? मी नाही म्हणालो. संध्याकाळी शेठनं सलीमला कामावरून काढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या दारात उभा. आरोप कुणी केला, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

"भाऊ, तुमीच म्हटलं होतं हात नको लावू. मी नाई लावला. तुमाले तं मालूम हाये ना? शेठले एकदा सांगा ना."

अख्ख्या मिलमध्ये खरं ठाऊक असलेला माणूस एकच, म्हणून तो माझ्याकडे आला होता. मी म्हणालो, बघतो. वर चहा पाजला. जाताना त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला — आणि मी तो धरू दिला. काय म्हणावं अशा माणसाला?

मी शेठशी बोललो नाही. त्या दिवशी नाही, त्यानंतरही नाही. नवा डबा आला, प्रेस चालू झाली, आणि एवढ्या लवकर चालू केली म्हणून शेठनं माझी पाठ थोपटली. सलीम बरेच महिने घरी बसून होता. आता तिकडं राजूरला कोळशाचे ट्रक दुरुस्त करतो.

दर ईदला त्याचा फोन येतो. माझ्या पोरांची नावं घेऊन चौकशी करतो. मग म्हणतो, "शेठनं नाई ऐकलं, जाऊ द्या. तुमी तं माह्यासाठी बोलले होते ना, भाऊ."

मी हो म्हणतो. या ईदलाही म्हणालो.