गाळाखालची लढाई

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, विद्यार्थ्यांना तर नाहीच. आणि आज सांगतेय ते मन हलकं करायला नव्हे. तुम्ही मला काय म्हणाल, याची मला पर्वा नाही.

बहात्तरचा दुष्काळ. मी नगरला कॉलेजात इतिहास शिकवत होते आणि आमच्या सरांच्या हाताखाली प्रबंध लिहीत होते. निजामशाहीतल्या एका मोठ्या लढाईनं सरांना झपाटलं होतं. आपसातलीच लढाई ती — दोन्ही फौजांत मराठे, दोन्हींत मुसलमान, सोयरा सोयऱ्यावर धावून गेलेला. रणांगण पूर्वेकडच्या एका तलावाच्या पोटात आहे, असं सर म्हणत. लोक हसत. त्या वर्षी तलाव आटला. सरांचे गुडघे गेलेले, म्हणून त्यांनी मला पाठवलं.

तलावात दुष्काळी काम चालू होतं. बायका गाळ उपसत, सुकडी खात, पुन्हा घमेली उचलत. त्यांच्यातल्या हौसाबाईच्या कुदळीला माणसाचा जबडा लागला. मग बरगड्या — आणि त्यांत रुतलेलं भाल्याचं पातं. शेजारी आणखी हाडं. सरांचं बरोबर होतं!

हौसाबाईनं हळूच विचारलं, "ताई, सायबाला कळलं तर काम बंद व्हईल?"

"होईल."

ती हाडांकडे बघत राहिली. "मेलेल्यांला भूक नसती, ताई. आमाला हाय."

आम्ही दोघींनी माती ओढून सगळं बुजवलं. पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा बुजवीन. इतिहासाची शपथ मला कुणी घालू नये.

पण थांबा — एवढ्यावरून मला चांगली ठरवू नका. कबुली ही नव्हेच.

पुढच्या वर्षी पाऊस झाला, काम संपलं, तलाव भरला. आता कुणाची मजुरी बुडणार होती? तरी मी गप्प. "काही मिळालं?" असं सरांनी विचारलं होतं, आणि मी "नाही" म्हटलं होतं. ते फिरवायचं कसं — नोकरी, प्रबंध, नाव? आणि खरं सांगू? माझ्या प्रत्येक पानावर चुका काढणारा माणूस एकदा तरी चुकलेला मला हवा होता. होय, हवा होता.

सरांनी आपल्या छापायला निघालेल्या पुस्तकातून तलावातल्या रणांगणाचं प्रकरण स्वतःच्या हातानं काढून टाकलं. मी समोर बसले होते. त्यानंतर ते फार लिहीत नसत. थोड्याच दिवसांत गेले.

शोकसभेत मला बोलायला सांगितलं. मी म्हणाले, "आपली चूक कबूल करण्याचा मोठेपणा सरांकडे होता." लोकांनी माना डोलावल्या. सरांच्या पत्नीनं मला हात जोडले.

सर चुकले नव्हते. ते मला ठाऊक होतं, आणि ठाऊक असून मी बोलले.