चाक विंचूरला, सायकल पिंपळगावला

मंगळूचं निम्मं आयुष्य पेठ तालुक्यातल्या पाड्यावर गेलं आणि निम्मं दुसऱ्यांच्या द्राक्षबागांत. दिवाळी झाली की मुकादमाची पिकअप यायची, पाडा रिकामा व्हायचा, तो शिमग्यालाच परत भरायचा. गाडीत एक पाय फळीवर, दुसरा कुणाच्या तरी गाठोड्यावर, असाच तो वर्षानुवर्षं घाट ओलांडत आला. जागा कधी मागितली नाही. यंदा पहिल्यांदा जागेसाठी भांडला, आणि तेही सायकलसाठी.

सायकल त्याच्या पोरीची, सरिताची. सरकारी योजनेत आठवीला मिळालेली. आता पोरगी दहावीत. सगळं घर कामाला निघाल्यावर तिला मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची? म्हणून मंगळूने पिंपळगावकडच्या बागेजवळच्या शाळेत फोन लावला होता. तिथल्या योगिनीबाई चांगल्या निघाल्या. म्हणाल्या, "बसू दे आमच्या वर्गात. पण सोमवारपासून रोज आली पाहिजे हं, दहावीचं वर्ष आहे." बागेपासून शाळा सात किलोमीटर, त्यात निम्मा हायवे, एस.टी. नाही. सायकल असली तर शाळा, नसली तर बाग. एवढी साधी गोष्ट. सरकारने सायकल दिली, आता ती सायकल घाटापार कशी न्यायची ते मंगळूचं मंगळूने बघावं.

"मंगळूदादा, हे काय आणलं?" ड्रायव्हर धनराज कमरेवर हात ठेवून उभा. "माणसं बसवू का सायकल?"

"सायकल पण माणसाचीच हाय ना."

"हँडल कुणाच्या डोळ्यात घुसलं तर मला धरतील. तुझ्या सायकलला नाय."

"मला उतरवा खाली अन् सायकल न्या," मंगळूची बायको अक्काबाई गाडीतून ओरडली. "माझ्यापेक्षा तिचाच लाड चाललाय चार दिवस!"

गाडी हसली. धनराजही हसला, पण सायकल काही आत घेईना. टपावर सरपण, भांडी, कोंबड्यांची डालगी. शेवटी मंगळूनेच डोकं लढवलं. धनराजचा पाना घेतला, पुढचं चाक काढलं, हँडल आडवं फिरवलं, पायडल काढून तांदळाच्या गोणीत टाकले. सांगाडा बायकांच्या गुडघ्यांमध्ये उभा राहिला. चाक पाड्यावरच्याच भागीबाईकडे गेलं, कारण ती टेकून बसली होती आणि तिच्या मांडीवर पोर नव्हतं. तिने चाकातून हात घातला आणि म्हणाली, "जा रं, बांगडी भरली म्हण मला."

यात गैर काहीच नव्हतं. पाड्याची रीतच ती. टोळी निघाली की सामान सगळ्यांचं. तुझी गोणी माझ्याखाली, माझं पोर तुझ्या मांडीवर. उतरल्यावर एकाच बागेत, एकाच ओळीत झोपड्या पडायच्या, मग ज्याचं त्याला. आजवर कुणाचा चमचा हरवला नव्हता.

नाशकात पेठ फाट्यावर गाडी थांबली तर पुढे दुसरी पिकअप उभी. मुकादम किशोर मोबाईल कानाला लावूनच ओरडला, "अर्धी टोळी विंचूरला! तिथल्या शेठने माणसं वाढवून मागितलीत. चला, चला, पोलीस बघतोय!"

विचारलं कुणाला? कुणालाच नाही. दिवाळीआधीच ठरलं असेल त्याचं. माणसं भराभर उतरवली, गाठोडी ओढली. शिट्ट्या, हॉर्न, कोंबड्या. गाड्या सुटल्या. शेजारून जाणाऱ्या गाडीतून भागीबाईने हात हलवला, कोपरापर्यंत चाक अडकवलेला हात. मंगळूनेही हसून हात हलवला.

आडगाव मागे पडल्यावर त्याच्या डोक्यात उजेड पडला. त्याने केबिनवर थापा मारल्या.

"काय झालं?"

"चाक! भागीबाईकडं चाक ऱ्हायलं!"

"हायवेला पलटी मारू काय मंगळूदादा? ती गाडी कधीच गेली."

सांगाडा पडू नये म्हणून सरिताने तो धरला होता, ती तसाच धरून राहिली.

बागेवर पोचल्यावर त्याने किशोरला फोन लावला. "चाक कुठं पळून चाललंय काय?" किशोर म्हणाला. "कुणी आलंगेलं तर पाठवतो." पिंपळगाव ते विंचूर काही विलायत नाही. पण घड डिपिंगला आलेले, एकेक घड मगातल्या औषधात बुडवायचा, आणि ते काम थांबत नाही. मंगळूने एका दिवसाची सुट्टी मागितली. बागेचा शेठ तुटून पडला नाही, गोड बोलला, "मंगळू, हे चार-पाच दिवस तेवढे सोड. तू हललास की सगळेच हलतात." जवळच्या गावातलं सायकलचं दुकान आता मोबाईलचं झालेलं. दुकानातला पोरगा म्हणाला, "काका, सायकल कोण चालवतं आता?"

सोमवारी सरिताने गणवेश घातला, वेणी घातली आणि झोपडीसमोर बसली. अक्काबाईने नवऱ्याकडे बघितलं. मंगळू म्हणाला, "मी चालत सोडतो." तेवढ्यात शेठची हाक आली. दुसऱ्या दिवशीही आली. बुधवारी सरिताने गणवेश काढून उशाला ठेवला, आईच्या हातातला दुसरा मग घेतला आणि ओळीत शिरली. तिला कुणी म्हटलं नव्हतं. नको असंही कुणी म्हटलं नाही.

संध्याकाळी शेठ ओळीतून फिरला. "वा! पोरीचा हात चांगला चालतो की. उद्यापासून तिलाही हजेरीत धरू."

ती कामाला नाय आली शेठ, असं मंगळूला म्हणायचं होतं. वाक्य तोंडात तयार होतं. तो म्हणाला, "हो."

रात्रीच्या भाकरी थापायच्या आधीच फोन वाजला. योगिनीबाई.

"मंगळूदादा, सरिता आलीच नाही. तीन दिवस झाले."

"येणार बाई, येणार. चाक येऊ द्या फक्त."

"कसलं चाक?"

"सायकलचं. विंचूरला हाय."

"बरं. आणि सरिता कुठंय?"

मंगळूने वळून बघितलं. शेठने दिवे लागेपर्यंत शेवटची ओळ संपवायला सांगितली होती. मांडवाखाली पानांत सगळ्यांची डोकी गडप झालेली, खाली नुसते पाय. अक्काबाईचे त्याने ओळखले. बाकीच्यांतले सरिताचे कोणते, ते त्याला पटकन कळेना.

"हॅलो? दादा, ऐकताय ना?"

"इथंच हाय बाई," तो म्हणाला, आणि पाय मोजत राहिला.