आठ पॉइंट सात

कालिंदी परब परळच्या एका ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्रीची लॅब अटेंडंट आहे. बावीस वर्षं झाली. ब्युरेट, म्हणजे आकडे कोरलेल्या लांब काचनळ्या, धुणं, ॲसिडच्या बाटल्या भरणं, पोरांनी फोडलेल्या काचा उचलणं आणि प्रॅक्टिकलची द्रावणं बनवणं, हे तिचं काम. पोरं तिला मावशी म्हणतात. ती बीएस्सी आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं, आणि आपणहून सांगत फिरणं तिच्या रक्तात नव्हतं.

मग वैभव सर आले. वय सव्वीस, नोकरी नवी, रुबाब मात्र प्राचार्यांचा. एकदा घाईघाईत ते ॲसिडच्या बीकरमध्ये पाणी ओतायला निघाले. कालिंदीने सरळ त्यांचा हात धरला.

"सर, ॲसिड पाण्यात ओतायचं. उलटं केलंत तर तोंडावर उडेल."

तोंड वाचलं याचं त्यांना काहीच नव्हतं, वर्गासमोर हात धरला गेला याचा मात्र राग आला. म्हणाले, "मावशी, तुम्ही बाटल्या धुवा. केमिस्ट्री माझ्यावर सोडा."

पोरं फिदीफिदी हसली. कालिंदीने बाटल्या धुतल्या. आणि त्याच वर्षी जूनमध्ये दादरच्या एका कॉलेजात जाऊन तिने एमएस्सीचा फॉर्म भरला. वय त्रेचाळीस.

डिलाईल रोडच्या चाळीतल्या खोलीत नवऱ्याने फॉर्मची झेरॉक्स उलटसुलट करून पाहिली. "आता ह्या वयात काय डॉक्टर होतलंस?"

"डॉक्टर नाय. एमएस्सी," ती म्हणाली आणि भाकरी उलटली. विषय संपला.

सकाळी सात ते एक नोकरी, दोनपासून वर्ग. बरोबरची मुलं तिला काकू म्हणत. कागदावरची केमिस्ट्री तिला छळायची. अभिक्रिया दाखवताना कुठल्या अणूकडून कुठे बाण काढायचा, यात पहिल्या वर्षी एक पेपर राहिला. तो तिने पुन्हा दिला आणि काढला. पण ब्युरेट हातात आली की वर्गातलं कुणी तिच्या जवळपासही पोहोचत नसे. बावीस वर्षांचा हात होता तो. शेवटच्या परीक्षेत तिची सगळी मदार प्रॅक्टिकलवर होती. त्यात नापास म्हणजे डिग्री गेली.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. आपल्याकडे बऱ्याच लॅबमध्ये एक रीत आहे. द्रावण अटेंडंट बनवतो, त्यामुळे रीडिंग किती यायला हवं ते त्याला माहीत असतं. परीक्षेच्या दिवशी तो टेबलांमधून फिरतो आणि हळूच आकडा सांगतो. मुलं तो आकडा आधी लिहितात आणि प्रयोग नंतर करतात, कधीकधी करतही नाहीत. कालिंदीने स्वतः बावीस वर्षं असे आकडे सांगितले होते. पोरांची दया यायची. यात काही वाईट आहे असं तिला कधी वाटलंच नाही.

दादरच्या लॅबमध्ये हे काम दगडू करायचा. परीक्षेत तो तिच्या टेबलाशी आला आणि आपलंच काम करणारी बाई म्हणून जरा जास्तच आपुलकीने म्हणाला, "नऊ पॉइंट पाच लिहा, ताई."

कालिंदीने ऐकलं म्हणून मान हलवली आणि काम सुरू केलं. फ्लास्कमध्ये लोहाचं द्रावण, ब्युरेटमध्ये जांभळं परमँगनेट. थेंब थेंब सोडत गेली. फिकट गुलाबी रंग टिकला आणि तिने आकडा वाचला. आठ पॉइंट सात. पुन्हा केलं. आठ पॉइंट सात. तिसऱ्यांदाही तेच.

तिने द्रावणाची बाटली उजेडात धरली. हे द्रावण ताजं असलं की हिरवट दिसतं. हे पिवळं पडलं होतं, म्हणजे शिळं, आणि शिळ्याला परमँगनेट कमी लागतं. ती कागदावर आठ पॉइंट सात लिहून मोकळी झाली.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चष्मा वर केला. "बाकी एकवीस जणांचं साडेनऊ आहे. तुमचंच कसं वेगळं?"

"मी केलं, ते आलं सर."

"नीट विचार करा. एवढा फरक असेल तर मी पास करू शकत नाही."

दोन वर्षं डोळ्यांसमोरून गेली. पण भीतीपेक्षा राग जास्त आला. या हातावर बावीस वर्षांत कुणी शंका घेतली नव्हती.

"सर, तुम्ही करून बघा. एकदाच."

परीक्षकांनी कोट काढला आणि स्वतः टायट्रेशन केलं. ब्युरेट पाहिली, पुन्हा पाहिली.

"आठ पॉइंट सात," ते पुटपुटले. मग आवाज चढला. "हे द्रावण कुणी बनवलं?"

दगडूचं तोंड उतरलं. कालिंदीच बोलली. "काल संध्याकाळी बनवलं असणार, सर. सकाळी आठला बॅच, बाटल्या चाळीस आणि माणूस एक. मीही हेच काम करते. त्याला बोलू नका."

"मग मी काय करू? एकवीस जणांची परीक्षा पुन्हा घेऊ?"

"ते तुम्ही ठरवा. माझं मी खोडणार नाही."

परीक्षा पुन्हा झाली नाही; कागदोपत्री बरोबर उत्तर साडेनऊच राहिलं. निकाल लागला तेव्हा साडेनऊवाल्यांना भरभरून मार्क होते आणि कालिंदीला वर्गात सगळ्यांत कमी, जेमतेम पास होण्यापुरते. याची चीड येते. यायलाच हवी. पण ती एमएस्सी झाली, आणि त्या सर्वांत कमी मार्कांची गोष्ट ती चाळीत कुणी न विचारता सांगते. आता ते तिच्या रक्तात आलं आहे.

डिसेंबरात तिच्या कॉलेजात बारावीची सराव परीक्षा होती. आरोही नावाची मुलगी रडकुंडीला येऊन तिच्याकडे वळली. "मावशी, किती यायला पाहिजे?"

"येईल ते लिही."

"सगळ्यांचं वेगवेगळं येतंय."

"येऊ दे."

वैभव सर घड्याळ बघत आले. "मावशी, सांगून टाका ना आकडा. दरवर्षी सांगता. वेळ नाहीये."

कालिंदीने हात पुसले.

"सर, ब्युरेट तिच्या हातात आहे. केमिस्ट्री तिच्यावर सोडा."

आणि ती बाटल्या धुवायला गेली.