साडूभाऊंची पितळी पुंगळी

आमच्या साडूंएवढा बिनकामाचा विद्वान अख्ख्या नवी मुंबईत दुसरा कुणी दाखवला, तर मी मिशा उतरवीन. नव्वदच्या दशकात नेरूळला आमच्या सोसायटीत जो तो शोकेसमध्ये काचेच्या बाहुल्या मांडत होता. या गृहस्थांनी मांडल्या होत्या जुन्या लढायांतल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या. बरं, स्वतः कधी फौजेत होते? छे! उरणच्या एका गोदामातले कारकून. दिवाळीत लवंगी फटाका वाजला तरी कानात बोटं घालणारे. पण रविवारी पावणे गावातल्या भंगारवाल्याकडे पितळेच्या ढिगापुढे उकिडवे बसले, की त्यांचा चेहरा असा उजळायचा, की माझ्या मेहुणीकडे बघताना तो तसा उजळलेला मी तरी कधी पाहिला नाही.

पाहुणा आला की चहाच्या आधी त्याच्या हातात पुंगळी. "बूड बघा, बूड!" मग भिंगातून बुडावरचा शिक्का वाचून कारखाना, साल, बंदुकीची जात अशी तिची कुंडली मांडायची. बिचारा पाहुणा चहा गार होईपर्यंत माना डोलवायचा. आणि एवढं करून अंदाज खरा ठरेल तर शपथ. एकदा महायुद्धातल्या बॉम्बचा भाग म्हणून एक लोखंडी बोंडूक चार महिने मखमलीवर मिरवलं. शेवटी बेसिन दुरुस्त करायला आलेला प्लंबर म्हणाला, "काका, हा तर पंपाचा व्हॉल्व हाय. टेन्शन नका घेऊ, घासला तर अजून चालंल." त्या दिवसापासून आम्ही त्यांचं नाव 'व्हॉल्वसाहेब' ठेवलं. मी तर तोंडावर म्हणायचो. सख्खा साडूच तो, सोडतोय कशाला?

संग्रहातली त्यांची लाडकी म्हणजे तोफगोळ्याची हातभर उंच पितळी पुंगळी. काळवंडलेली, कळकट. पितळ घासायचं नाही हा त्यांचा कडक नियम. एका दसऱ्याला मेहुणीनं शस्त्रपूजा म्हणून ती चिंच लावून घासायला घेतली, तर हे मोरीत धावले. "अगं, शिक्का झिजला तर मग ती कोण, हे सांगणार कोण?" पुंगळी पोटाशी धरून बसले ते बसलेच, पुरणपोळीला शिवले नाहीत. "घाला चुलीत माझी ती सवत," मेहुणी म्हणाली. मी तिच्याच बाजूचा.

अशा माणसाबरोबर एका रविवारी मी दिवाळ्याला, बेलापूरजवळच्या कोळीवाड्यात, मासळी घ्यायला गेलो. एका कोळीणबाईंच्या अंगणात ताडपत्रीवर सुके बोंबील पसरलेले, आणि ताडपत्री उडू नये म्हणून कोपऱ्यावर एक गंजका जड लोखंडी दांडगोबा. मी त्यावर पाय टेकवून चपलेतला खडा काढला आणि बाईंशी भाव करायला लागलो. एवढ्यात साडूभाऊ खाली वाकले. मग हळूच म्हणाले, "साडू, मागे व्हा. याच्या तांब्याच्या पट्ट्यावर चरे आहेत, म्हणजे हा गोळा तोफेतून सुटलाय. आणि नाक शाबूत आहे. म्हणजे फुटलेला नाही."

"व्हॉल्व असेल," मी म्हटलं. बाईही हसल्या. "सासऱ्याच्या जाल्यात आलता. धा वर्सं झाली, पोरं बसतान त्याच्यावर." साडूभाऊ हसले नाहीत. त्यांनी हात जोडून बाईंना पोरांसकट घराबाहेर काढलं, मला पोलिसांना फोन करायला पिटाळलं, आणि स्वतः गल्लीच्या तोंडाशी हात पसरून उभे राहिले. भर उन्हात तीन तास. गाव हसत होतं, आणि फोन करून परत आलेला मीही हसत होतो. लवंगीला घाबरणारा तो माणूस जागचा हलला नाही.

बॉम्ब निकामी करणारं पथक आलं. खाडीकाठी वाळूच्या पोत्यांत ठेवून त्यांनी तो दांडगोबा उडवला. अशी दणकन धरणी हादरली की माझा पाय, तोच तो, आपोआप पोटाशी आला. तीच पोरं कानांवर हात ठेवून आईला बिलगली होती. बाई धक्क्यानं पांढऱ्याफटक पडल्या, पण भानावर आल्यावर पहिलं वाक्य काय, तर, "माजा वजन नेलाव, आता बोंबलांवर काय ठेवू?"

दुसऱ्या दिवशी साडूभाऊ आपली ती लाडकी पुंगळी वाळू भरून, तोंड बंद करून त्या बाईंना देऊन आले. मला सांगितलंसुद्धा नाही, मेहुणीकडून कळलं. तीही त्या दिवशी काही टोचून बोलली नाही.

'व्हॉल्वसाहेब' म्हणणं मी तेव्हापासून सोडलं. चुकलो, असं मात्र तोंडातून कधी निघालं नाही. मेली जीभ चेष्टेला तेवढी लांब. वर्षभरानं आम्ही पुन्हा दिवाळ्याला गेलो. ताडपत्रीवर पुंगळी लखलखत होती. "रोज चिंचेनं घासतंय, दादा," बाई कौतुकानं म्हणाल्या. मी साडूभाऊंकडे बघितलं. साडूभाऊंनी ती उचलून आडवी केली, बुडावरून अंगठा फिरवला. शिक्का पुसून गेला होता. त्यांनी भिंग खिशातून काढलंच नाही.

"छान ठेवलीत हो," एवढंच म्हणाले, आणि पुंगळी होती तिथे, ताडपत्रीच्या कोपऱ्यावर, नीट ठेवून दिली. पलीकडे पोरं खेळत होती.