खापरातली पिलं

अक्का गेल्याचं मला सुमनबाईंनी कळवलं, हे मला अजून सहन होत नाही. शिरपूरच्या गल्लीत एवढी माणसं असताना फोन त्यांचाच यावा... "तुनी अक्का गयी वं," म्हणाल्या आणि हुंदका दिला. मी धुळ्याला स्वयंपाकघरात उभी होते. अक्का माझी मावशी, मला आईच्या जागी. तरी रडू येण्याआधी मला राग आला, की हिला रडायचा काय अधिकार?

अक्काचे मांडे साऱ्या गल्लीला ठाऊक होते. पुरण भरलेला उंडा हातावर झुलवत ती कोपरापर्यंत पसरायची आणि पालथ्या तापल्या खापरावर असा टाकायची, की एक सुरकुती पडायची नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी आल्या, की घरोघरून अक्काला बोलावणं. शेजारच्या सुमनबाईंकडे तर तिच्याशिवाय पानच पडत नसे.

एका वर्षी सुमनबाईंनी गच्चीवर बाजेवर बिबडे, ज्वारीचे पापड, वाळत घातले होते आणि एक मांजर त्या ओल्या बिबड्यांवरून चालत गेली. झालं. बाईंनी तिला गोणपाटात कोंबलं आणि रिक्षावाल्याकरवी दूर हायवेला सोडून दिलं. अक्का आधीच सांगायला गेली होती, की माझ्या सरपणात तिची पिलं आहेत, अजून डोळे उघडले नाहीत. "मांजरीची पिलं मरतातच," असं त्यांनी वर ऐकवलं.

तीन पिलांतली दोन मेलीच. तिसऱ्यासाठी अक्काने जे केलं ते ऐकून मी हादरले. मांड्यांचं खापर तिने चुलीवरून उतरवून सुलटं केलं, आत जुनं लुगडं अंथरलं आणि मोज्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली ठेवली. जनावर निजलं की ते खापर पुन्हा अन्नाचं राहत नाही, हे तिला कोणी शिकवायला नको होतं. मी धुळ्याहून डॉक्टरांना विचारून पिलांच्या दुधाची भुकटी पाठवली. पिलाला उताणं न धरता, पोटावर ठेवून ती ड्रॉपरने थेंब थेंब पाजायची. मग ओल्या कापसाने त्याचं बूड पुसायची, आई चाटते तसं, नाहीतर त्याला लघवीही होत नाही. चिडखोर बाई ती, पण त्या मुठीएवढ्या जिवाशी हळू आवाजात तासन्‌तास बोलायची.

आखाजीला सुमनबाईंचा नवा जावई पहिल्यांदा येणार होता. बाई बोलवायला आल्या, दुसरं खापर आणते म्हणाल्या. अक्काने मान वर केली नाही.

"मना हात आते ह्या पिलूना शेतस," एवढंच म्हणाली; तिचे हात आता त्या पिलाचे होते.

बाईंनी स्वतः मांडे टाकून पाहिले. ते फाटले, पुरण जळलं, जावयाने शेवभाजी-पोळी खाल्ली आणि गल्ली आठवडाभर हसली. अक्काने त्यानंतर कोणाकडेच मांडे केले नाहीत. मला वाईट वाटायचं, कारण त्या कामात ती किती खुश असायची ते मी पाहिलं होतं. पण तिचा राग स्वस्तातला नव्हता. तो मी आता वारशाने घेतलाय, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

परवा घर आवरायला गेले, तर सुमनबाई दारात. अक्का किती मायाळू होती वगैरे झालं. मग मुद्दा आला.

"आखाजी उनी वं. अक्कानं खापर दी टाक माले. आठवण राही."

जनावराचं झालेलं असलं, तरी त्या खापराचा गुण आपल्या हातात उतरेल, असं त्यांना वाटत असावं. मी त्यांना आत नेलं. कोपऱ्यात सुलट्या खापरात, अक्काच्या लुगड्यावर तिने वाढवलेलं ते पिलू, आता मोठी झालेली मांजर, पसरली होती, आणि तिच्या पोटाशी चार पिलं, डोळे मिटलेली. सुमनबाईंनी हात पुढे केला तशी ती फिस्कारली.

"थांबा जरा," मी म्हटलं. "आधी यांचे डोळे उघडू द्या."

बाई चप्पल घालून निघून गेल्या. मी दार लावलं आणि मांजरीसाठी दूध कोमट करायला ठेवलं.